वच्छला सिस्टरचा रिपोर्ट

वच्छला सिस्टरांना हळू आवाजात बोलता येत नव्हतं, आणि आमची ओळख झाली ती त्यामुळेच.

मी नुकतीच बदली होऊन मालेगावला आले होते. वाशीम जिल्ह्यातलं, वाशीमच्या रस्त्यावरचं हे तालुक्याचं गाव. तिथून शिरपूरच्या बाजूला एका खेड्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी सातवी-आठवीला शिकवायची. पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. सकाळच्या एसटीत माझ्या पुढच्या बाकावर पांढऱ्या साडीवर चॉकलेटी स्वेटर घातलेली एक ठेंगणी, जाड भिंगांच्या चष्म्याची बाई बसली होती. दाराजवळ उभ्या असलेल्या एका तरुण बाईला तिनं सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काहून वं, अंगावरून पांढरं जायाचं थांबलं का नाई?"

त्या बाईनं पदर तोंडावर ओढला. कंडक्टर खिडकीबाहेर बघायला लागला. माझ्या शेजारी बसलेले एक गृहस्थ खाकरले आणि म्हणाले, "सिस्टर, बस हाये हे."

"मंग?" सिस्टर मागं वळल्या. "काल याच बसमंदी तुमी मले तुमचा खोकला सांगतला. बेडक्याचा रंग सांगतला. मी आयकलं का नाई? तिचा आजार काय खोकल्यापेक्षा हलका हाये?"

गृहस्थ मांडीवरची पिशवी चाचपायला लागले. पदराआडून त्या बाईनं मान हलवली, थांबलं नाही अशा अर्थानं.

पुढं कळलं की सिस्टर आमच्याच गल्लीत राहतात, आणि त्यांचं आरोग्य उपकेंद्र शाळेच्या भिंतीला भिंत लावून आहे. मी स्कूटी घेतली तशी त्या माझ्या मागं बसायला लागल्या. एकदा जाता जाता मी त्या बसमधल्या गोष्टीचा विषय काढला. म्हटलं, सिस्टर, तुमचं म्हणणं पटतं, पण त्या बाईचं दुखणं सगळ्या बसला कळलं. वाऱ्याच्या आवाजात माझे शब्द विरले. मला वाटलं, ऐकू आलं नसेल. गावाच्या कमानीपाशी उतरता उतरता त्या म्हणाल्या, "चुकलंच ते माह्यं. लाज माही गेली म्हनून तिची बी गेली असं थोडीच हाये." त्यानंतर त्यांनी चारचौघांत कुणाच्या दुखण्याचं नाव काढलेलं मी ऐकलं नाही. चूक कळली की ती तिथल्या तिथं सोडून द्यायची, त्यावर हळहळत बसायचं नाही, हा त्यांचा स्वभावच होता.

त्यांच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली. घरात शेतमजुरी होती, पण आजोबांनी पोरींना शाळेत घालायचं ठरवलं आणि ते तडीस नेलं. वच्छला सिस्टर दहावी झाल्या, नर्सिंगचा कोर्स केला आणि बाविसाव्या वर्षी नोकरीला लागल्या. नवरा एसटीत ड्रायव्हर. त्यांना सगळे भाऊ म्हणत. सिस्टर जितक्या बोलक्या तितके भाऊ मुके. मी आले तेव्हा ते नुकतेच निवृत्त झाले होते आणि सकाळी अंगणात बसून पेपर शेवटच्या पानापासून पहिल्या पानाकडे वाचत.

सिस्टरांची काम करायची एक रीत होती. कुणाच्याही घरी गेल्या की त्या खुर्चीवर बसत नसत. घरची बाई जिथं बसली असेल तिथं जमिनीवर बसत आणि तिच्या हातात जे काम असेल ते आपणही करायला लागत. ती मिरच्यांचे देठ तोडत असेल तर या देठ तोडत. ती तुरीच्या शेंगा सोलत असेल तर या शेंगा सोलत. "रिकाम्या हातानं बाईसमोर बसलं का तिले वाट्टे, तपासनी आली," असं त्या म्हणायच्या. अर्धी टोपली झाली की हळूच मूळ विषय निघायचा.

एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी त्यांच्याबरोबर ओढ्याकाठच्या मळ्यात गेले होते. तिथं विलास आणि सुनंदा या जोडप्याची भाजीची बागायत होती. मेथी, पालक, कोथिंबीर, सगळं मालेगावच्या आणि शिरपूरच्या बाजाराला जायचं. सुनंदा आणि तिची सासू मेथीच्या जुड्या बांधत होत्या. शेजारच्या मळ्यातल्या दोघीतिघी येऊन बसल्या होत्या. सिस्टर बसल्या आणि जुड्या बांधता बांधता सांगायला लागल्या.

"एक विषानू हाये. एचपीव्ही म्हन्तेत त्याले. नाव ध्यानात नाई राह्यलं तरी चालते. सर्दी जशी सगळ्याइले कधी ना कधी होते, तसाच हा. ज्याचा ज्याचा संसार हाये, त्यातल्या जवळपास सगळ्याइच्या अंगात हा एकदा तरी येऊन जाते. बायांच्या बी, मानसाइच्या बी. कातडीले कातडी लागली का येते."

"मंग आमाले कसं नाई समजलं?" सासूनं विचारलं.

"तेच त सांगून राह्यली. तो आला तरी समजत नाई. ताप नाई, दुखत नाई, खाजत नाई. त्याच्या लय जाती हायेत. काई जातीइनं चामखिळी येतेत, तेवढंच. आपलं अंग शहानं असते, बहुतेकींच्या अंगातून साल-दोन सालात तो आपोआप निघून जाते. गोळी लागत नाई, सुई लागत नाई. पन काई वाईट जाती हायेत. त्यातली एखादी एखादीच्या अंगातून जातच नाई. गर्भाच्या पिशवीच्या तोंडाशी बसून राह्यते. पाच सालं, दहा सालं, पंधरा सालं. तथची कातडी हळूहळू बदलू लागते. आन तवा बी पाह्यलं नाई, त मंग कॅन्सर."

सुनंदाचे हात थांबले होते. सिस्टरांनी तिच्यापुढची जुडी उचलून स्वतः बांधली.

"पन पाह्य, पंधरा सालं म्हनजे लय येळ झाला. तेवढ्या येळात एकदा तपासलं तरी सापडते. सापडलं का दवाखान्यात तेवढीच कातडी काढून टाकतेत. म्हनून म्हन्तो, तिशी झाली का एकदा तपासून घ्या. एवढंच सांगाचं होतं. आता जरा पालक दे इकडे."

वऱ्हाडातल्या बाया बोलता बोलता सहज 'म्हन्तो', 'जातो' म्हणतात, तशा सिस्टरही म्हणायच्या. मला सुरुवातीला ते विचित्र वाटलं होतं, पुढं तर माझ्याही तोंडात बसलं.

हा विषय त्यांनी एवढा लावून का धरला, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. त्यांची मोठी बहीण केनवडला दिलेली होती. त्या तिला नुसतं 'बाई' म्हणत. पाळी जाऊन तीन-चार वर्षं झाल्यावर तिच्या अंगावरून पुन्हा लाल जायला लागलं. तिनं ते दोन वर्षं लपवलं. कपडे वेगळे धुवायची, वेगळे वाळत घालायची. कंबर मोडून आली, पाय सुजले, तेव्हा घरच्यांना कळलं आणि तोवर कॅन्सर पसरला होता. "मी नर्स होती न मॅडम," सिस्टर म्हणाल्या. "लोकाइच्या घरोघरी फिरत होती. माह्या बाईच्या घरी बी जात होती, चहा पेत होती. आन तिनं मले सांगतलं नाई. शेवटी इचारलं, त म्हने, तुले कसं सांगू, तू लहान." त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

मग तपासणीच्या शिबिराचा दिवस आला. अकोल्याहून डॉक्टरांचं एक पथक प्राथमिक आरोग्य केंद्रात येणार होतं. बायकांच्या पिशवीच्या तोंडावरचा नमुना घेऊन या विषाणूची तपासणी करणार होतं. सिस्टर महिनाभर दारोदार फिरल्या. आदल्या दिवशी 'येतो' म्हणणाऱ्या बाया ढीगभर होत्या. सकाळी नऊ वाजता व्हरांड्यात मात्र दहा-बारा जणी भिंतीला टेकून उभ्या, आणि आत जायला कुणी तयार नाही. कुणाचं बाळ रडत होतं, कुणाला बाजार होता, कुणाचा आज उपास होता. माझ्या शाळेला सुटी होती. मी नोंदणीच्या टेबलाशी नावं लिहायला बसले होते.

शिबिरातल्या डॉक्टरीण बाईंनी सिस्टरांना सहज विचारलं, "तुमची स्वतःची तपासणी कधी केली होती?"

एवढ्या वर्षांत सिस्टरांनी स्वतःची तपासणी कधी केलीच नव्हती. दुसऱ्यांना सांगण्यातच वेळ गेला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

त्यांनी स्वेटर काढून माझ्या खुर्चीच्या पाठीवर टाकला. "लिहा मॅडम माह्यं नाव पयले," म्हणाल्या आणि पडद्याआड गेल्या. पाच मिनिटांत बाहेर आल्या. व्हरांड्यातल्या बायांना म्हणाल्या, "झालं. दुखलं नाई. थोडं लाजल्यासारखं झालं, तेवढं सगळ्याइले होते. चाला." सुनंदा पुढं झाली. तिच्यामागं एकेक करत सगळ्या गेल्या. दुपारी ओळ फाटकाबाहेर गेली होती.

रिपोर्ट यायला काही आठवडे लागले. त्या दिवशी मधल्या सुटीत मी आठवीच्या वर्गात वह्या तपासत होते. सिस्टर आल्या आणि मुलांच्या बाकावर बसल्या. त्यांच्या हातात काही काम नव्हतं.

"मॅडम, मले निघाला," त्या म्हणाल्या. हळू आवाजात. त्यांना हळू बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

मी त्यांचंच वाक्य त्यांना सांगायला लागले, की हा तर सगळ्यांनाच होतो, म्हणजे काही कॅन्सर नव्हे. त्यांनी हातानं थांबवलं.

"सगळं ठावं हाये मले. मीच सांगत फिरतो न. पन खरं सांगू? रिपोर्ट पाह्यला तवा मनात पयले रोगाचं आलं नाई. लोक काय म्हनतीन हेच आलं. तीस सालं बायाइले सांगून राह्यली का लाजू नोका, आन सोतावर आलं त कागद पदराखाली लपवला म्या."

"भाऊंना सांगितलं?"

"संध्याकाळी सांगतो."

त्या संध्याकाळचं त्यांनी मला नंतर सांगितलं. भाऊंनी टीव्हीचा आवाज बंद केला. रिपोर्ट हातात घेतला, इंग्रजी होता, तरी वरून खालपर्यंत पाहिला. मग विचारलं, "माह्यामुळं?"

सिस्टर म्हणाल्या, "ठावूक नाई. कोनालेच ठावूक होऊ शकत नाई. कवा आला, कोनाकडून आला, हे कोन्त्याच मशीनले सांगता येत नाई. लगनाच्या पयल्या सालातला बी असू शकते."

भाऊ त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी त्यांनी अकोल्याच्या बसच्या वेळा विचारून ठेवल्या होत्या.

अकोल्याला डॉक्टरांनी दुर्बिणीसारख्या यंत्रातून तपासलं आणि शंका आली तिथला बारीकसा तुकडा तपासायला पाठवला. तो निकाल येईपर्यंतचे दिवस मी पाहिलेत. सिस्टर रोज कामाला येत होत्या, लसी टोचत होत्या, वजनं घेत होत्या. फक्त स्कूटीवर मागं बसल्यावर माझा खांदा घट्ट धरायच्या. एकदा कमानीपाशी म्हणाल्या, "माही बाई बी अशीच एकटी भेत असन न मॅडम. दोन सालं. आन मले सोबतीले तुमी तरी हा."

निकाल आला. पेशी बदलल्या होत्या, बऱ्याच बदलल्या होत्या, पण कॅन्सर झालेला नव्हता. तेवढा भाग काढून टाकायचा होता. बधिर करून, विजेच्या बारीक तारेनं, अर्ध्या तासाच्या आत तो काढला. त्याच दिवशी घरी आल्या. पंधरा-वीस दिवस जड उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यामुळं भाऊ नळावरून पाणी आणताना गल्लीला पहिल्यांदा दिसले. मी भेटायला गेले तर सिस्टर कॉटवर बसून भाऊंना भाजी कशी निवडायची ते सांगत होत्या. आवाज गल्लीच्या टोकापर्यंत येत होता. मला बरं वाटलं.

त्या कामावर परतल्या त्याच महिन्यात बुद्धविहाराच्या ओट्यावर बायकांची बैठक होती. सगळ्या समाजाच्या बाया जमल्या होत्या. शिबिरातल्या पाच-सहा जणींचे रिपोर्ट सिस्टरांसारखेच आले होते. नावं कुणाला सांगितली नव्हती, तरी कुजबुज होती. सिस्टर उभ्या राहिल्या.

"कोनाकोनाले निघाला हे मी सांगनार नाई. एकीचं नाव सांगतो. मले निघाला."

मग त्यांनी अकोल्याचं सगळं सांगितलं, यंत्र, तार, बधिर करायची सुई, सगळं. शेवटी मागं बसलेल्या एका म्हातारीनं विचारलं, "मंग तू मरशीन काय वं?"

"मरीन न आजी," सिस्टर म्हणाल्या, "पन याच्यानं नाई."

बाया हसल्या. आणि मग प्रश्न सुरू झाले, ते तास दीड तास थांबले नाहीत.

सगळ्यांच्या घरात मात्र ते असं सुटलं नाही. सुनंदाच्या रिपोर्टातही विषाणू निघाला होता. तिची पुढची तपासणी झाली. पिशवीच्या तोंडावर औषध लावून पाहिलं तर कातडी स्वच्छ होती, काही बदल नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं, काही करायचं नाही, वर्षानं पुन्हा या, बहुधा अंगच तो काढून टाकील. सुनंदानं घरी येऊन नवऱ्याला तसंच सांगितलं. विलासनं त्यातलं फक्त एवढंच ऐकलं की हा रोग नवरा-बायकोच्या संबंधातून येतो.

दोन दिवसांनी सकाळी शाळेच्या फाटकासमोर, जिथं एसटी थांबते तिथं, सुनंदा पिशवी घेऊन उभी दिसली. डोळे सुजलेले. मी जवळ गेले तर म्हणाली, "केनवडले चालली, मायच्या घरी. ते म्हन्तेत, पयले सांग कोनाचा आनला, मंग घरात पाय ठेव." बस आली आणि ती गेली. तिची मुलगी पूजा माझ्याच वर्गात होती. त्या दिवशी ती शाळेत आली नाही.

मी भिंतीपलीकडं जाऊन सिस्टरांना सांगितलं. फोन काढून त्यांनी भाऊंना बोलावून घेतलं. शाळा सुटल्यावर आम्ही तिघं मळ्यात गेलो.

विलास वाफ्यांना पाणी देत होता. आम्हाला पाहून त्यानं फावडं खाली ठेवलं नाही.

"सिस्टर, तुमी मोठ्या हा म्हनून मी बोलत नाई," तो म्हणाला. "पन हे कुठून आलं ते मले पाह्यजे."

"ते मले बी सांगता येत नाई, डॉक्टरले बी नाई," सिस्टर म्हणाल्या. "तुमचं लगन होऊन पंधरा सालं झाली. हा विषानू तेवढी सालं अंगात गुपचूप राहू शकते. तिच्याकडून तुले आला असंन, नाईतर तुह्याकडून तिले. तिची तपासनी झाली म्हनून तिचा सापडला. मानसाले तपासाची अशी टेस्टच नाई, नाईतर कदाचित तुह्यात बी सापडला असता. जो तपासते त्याचंच नाव निघते, विलास."

"मी असा मानूस नाई."

"ते बी तशी बाई नाई. हा विषानू चालचलन पाहून येत नाई."

विलास पुन्हा वाफ्याकडे वळला. मला वाटलं, इथंच बोलणं संपलं. तेवढ्यात भाऊ पुढं झाले. मी त्यांना चार वाक्यं सलग बोलताना तोवर ऐकलं नव्हतं.

"विलास, हिले बी निघाला," ते म्हणाले. "मी तीस सालं एसटीवर होतो. आज इथी मुक्काम, उद्या तिथी. हिनं मले इचारलं नाई, मी हिले इचारलं नाई. आमाले दवाखाना पाह्याचा होता, भांडाले येळ नोता."

सिस्टरांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि लगेच मान फिरवली.

वाफा भरून पाणी बाहेर वाहायला लागलं होतं. विलासनं फावड्यानं दांड फोडून पाणी पुढच्या वाफ्यात वळवलं. आमच्याकडे न बघता त्यानं विचारलं, "मंग माह्याही अंगात असंन?"

"असंन. नाईतर येऊन गेला असंन," सिस्टर म्हणाल्या. "घाबराचं काम नाई. मानसाइले बी याच्यानं घशाचा, बाकी जागचा कॅन्सर होऊ शकते, पन क्वचित. तमाखू मात्र सोड. तमाखूनं हा अंगातून लवकर जात नाई. तुह्या अंगातून बी नाई न तिच्या बी नाई, घरात बिडीचा धूर असला त."

त्याच संध्याकाळी विलास मोटरसायकल काढून केनवडला गेला. सुनंदानं पुढं मला सांगितलं, माफी वगैरे त्यानं काही मागितली नाही. सासऱ्याच्या ओसरीवर खाली मान घालून बसला आणि म्हणाला, "चाल." वाटेत मात्र रसवंतीवर गाडी थांबवून तिला उसाचा रस पाजला. दुसरा ग्लास नको म्हणत असताना तोही घ्यायला लावला. "एवढं त लगनात बी नोतं केलं," ती म्हणाली, आणि हे सांगताना तिला हसू येत होतं.

पुढच्या वर्षी शाळेत मुलींना या विषाणूवरची लस द्यायचं ठरलं. आम्ही पालकांची सभा बोलावली. एक वडील उठले आणि जरा तावातच म्हणाले, "हा त तशा संबंधाचा रोग हाये म्हन्तेत. आमच्या पोरी तशा नाईत. त्याइले कायले?"

सभेत चुळबुळ झाली. सिस्टर म्हणाल्या, "पोलिओचा डोस पाजला तवा तुमी इचारलं होतं काय, आमचं पोरगं कसं हाये म्हनून? धनुर्वाताची सुई लोखंड लागाच्या पयले घेतली त बरी. हे बी तसंच. पोरगी लहान हाये, विषानू अजून अंगात आला नाई, तवाच लस चांगली लागते. उद्या तिचं लगन होईन, लेकरंबाळं होतीन. तिचा नवरा देवमानूस असला तरी त्याच्या अंगात हा असू शकते. अन् लस घेतली तरी तिशीनंतर तपासाचंच हाये, हे बी आत्ताच सांगून ठेवतो."

पहिली सही विलासनं केली. कुणाशी काही न बोलता टेबलाशी आला, पूजाच्या नावापुढं सही केली आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

लशीच्या दिवशी पूजानंच सिस्टरांना विचारलं, "पोराइले काहून नाई मग?"

"पोराइले बी देता येते," सिस्टर म्हणाल्या. "सध्या पयले पोरीइले देऊन राह्यले. तू शिकून मोठी झाली का सरकारशी भांड." एका मुलीला सुई पाहून चक्कर आली. तिला बाकावर आडवं करून पाय उंच केले. पाच मिनिटांत उठून ती बिस्किट खायला लागली. बाकीच्या अर्धा तास वर्गात बसून गाण्याच्या भेंड्या खेळल्या.

त्याच सुमारास सुनंदाची आणि सिस्टरांची दुसरी तपासणी झाली. सुनंदाच्या अंगातून विषाणू आपोआप गेला होता. सिस्टरांचाही रिपोर्ट चांगला आला. डॉक्टरांनी त्यांना पुढची काही वर्षं येत राहायला सांगितलं. हे त्या सगळ्यांना आवर्जून सांगत. "बरी झाली म्हनून सुटली नाई मी. तारीख लागली हाये," असं म्हणत आणि तारीख सांगत.

मग त्या निवृत्त झाल्या आणि माझी बदली रिसोडकडं झाली. फोन व्हायचे. त्या फोनवरही इतक्या मोठ्यानं बोलत की माझ्या घरच्यांना सगळं कळायचं.

मागच्या हिवाळ्यात कामानिमित्त मालेगावला गेले होते. सकाळची वेळ होती. स्टँडच्या बाहेर एक काळीपिवळी जीप उभी होती आणि तिच्यात बाया बसत होत्या. दारात वच्छला सिस्टर उभ्या. स्वेटर नवा होता, चष्मा बहुतेक तोच. वाशीमला तपासणी होती आणि आजूबाजूच्या चार खेड्यांतल्या बाया घेऊन त्या निघाल्या होत्या. नोकरी संपली होती, हे काम त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मला पाहून त्यांनी हात केला, पण दार सोडलं नाही.

आत खिडकीशी एक साठीच्या घरातली बाई बसली होती. पहिल्यांदाच चालली असावी, हातात रुमाल घट्ट धरलेला. बाहेर तिचा नवरा उभा होता. धोतर, टोपी, काखेत तिचा जेवणाचा डबा. डबा त्यानं खिडकीतून आत दिला आणि तरी तो तिथंच उभा राहिला.

सिस्टरांनी विचारलं, "काय वो बाबा?"

"मी बी येऊ काय?" तो म्हणाला. "मी बाहीर बसीन."

सिस्टर दारातून बाजूला झाल्या. मग बायांना म्हणाल्या, "सरका वं जराशा."

बाया सरकल्या. म्हातारा आत चढला आणि बायकोशेजारी, टोपी काढून मांडीवर ठेवून, अंग चोरून बसला. त्याच्या मागून सिस्टर चढल्या आणि त्यांनी दार ओढून घेतलं. गाडी वाशीमच्या रस्त्याला लागली. गाडीतून सिस्टरांचा आवाज ऐकू येत होता. त्या म्हाताऱ्याला काहीतरी समजावून सांगत होत्या.